फ्रीज चार वेळा पुसला, पाणी काही थांबेना

भाजीच्या ट्रेखाली पाणी पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी सरळ घरच्यांवर आळ घेतला. कोणीतरी बाटलीचं झाकण नीट लावलं नसणार. पुसून टाकलं. तीन-चार दिवसांनी परत तेवढंच पाणी. परत पुसलं. असं करत करत दोन महिने गेले, आणि खरं सांगायचं तर एकदाही डोक्यात आलं नाही की हे पाणी येतंय कुठून ते बघावं, कारण पुसायला दोन मिनिटं लागतात आणि शोधायला अख्खा दिवस.

मग वास सुरू झाला. सडलेल्या वस्तूचा नाही, म्हणजे नाकाला झोंबणारा नाही, तर ओलं फडकं दोन दिवस बादलीत राहिलं की येतो ना, तसला कुबट. दार उघडलं की यायचा आणि बंद केल्यावरसुद्धा स्वयंपाकघरात रेंगाळायचा. बायको म्हणाली, "तू नुसते कप्पे पुसतोस, वास कप्प्यांचा नाहीये." मी म्हटलं मग कशाचा आहे. ती म्हणाली ते तू शोध.

त्याच सुमारास दूध लवकर नासायला लागलं. मी काय केलं तर आतला नॉब फिरवून ५ वरून ७ वर नेला. त्यावर १ ते ७ आकडे आहेत आणि माझी बरीच वर्षं अशी समजूत होती की ते काहीतरी डिग्रीशी संबंधित असावेत. नाहीत. मोठा आकडा म्हणजे कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस फिरवणारी मागची मोटर, जास्त वेळ चालणार, बस एवढंच. हा नॉब फिरवणं ही माझी सगळ्यात मोठी चूक होती, ती का ते पुढे येईल.

नॉब फिरवूनही फरक नाही म्हणून एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने दार उघडलं, फ्रीझरमध्ये हात घातला, बंद केलं आणि म्हणाला गॅस कमी झालाय, भरावा लागेल. सगळं मिळून दोन मिनिटं. मागची बाजू बघितलीही नाही. आता मला फ्रीजमधलं फार कळत नाही, पण एवढं माहीत होतं की फ्रीजमधला गॅस हा गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती असणार, आणि गळती न शोधता नुसता गॅस भरला तर तोही जाणारच की. मी विचारलं लीक कुठे आहे, तर म्हणाला ते नंतर बघू. म्हटलं मग गॅसचंही नंतरच बघू.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी फ्रीज स्वतःच उघडून बघायचं ठरवलं. पण त्याआधी एक काम केलं जे फार पूर्वीच करायला हवं होतं. ग्लासभर पाणी मधल्या कप्प्यात ठेवलं, त्यात थर्मामीटर बुडवला (ताप मोजायचा नाही, साधा कमी तापमान दाखवणारा) आणि रात्रभर तसाच ठेवला. पाण्यात अशासाठी की दार उघडलं की आतल्या हवेचं तापमान लगेच वर जातं, पाण्याचं तसं होत नाही, त्यामुळे आपल्या अन्नाचं तापमान किती असेल याचा बरा अंदाज येतो. सकाळी आकडा बघितला तर ९. फ्रीज ४ डिग्रीच्या आसपास किंवा खाली पाहिजे आणि फ्रीझर उणे १८. ९ म्हणजे दूध का नासतंय याचं उत्तर मिळालं. फ्रीज जंतू मारत नाही, फक्त त्यांची वाढ मंदावतो, आणि ९ ला ती पाहिजे तेवढी मंदावत नाही. म्हणजे नॉब ७ वर, कॉम्प्रेसर दिवसरात्र घुरघुरतोय, आणि आत ९. काहीतरी नक्कीच बिघडलं होतं.

आमचा फ्रीज जुन्या पद्धतीचा आहे. वर फ्रीझर, त्यात बर्फ साचतो आणि तो आपणच काढायचा. खालच्या भागाची मागची भिंत मात्र आपली आपण डीफ्रॉस्ट होते, म्हणजे कॉम्प्रेसर चालू असताना भिंतीवर थेंब गोठतात, बंद झाला की वितळून खाली ओघळतात. हल्लीच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये कॉइल, म्हणजे थंड करणाऱ्या नळ्या, पॅनेलच्या मागे लपवलेली असते आणि ठरावीक वेळाने एक छोटा हीटर चालू होऊन बर्फ वितळवतो, तिथे हे उघड्या डोळ्यांनी दिसत नाही. पण दोन्हीकडे वितळलेलं पाणी कुठेतरी जायला लागतंच.

तर सामान काढायला घेतलं. लवकर खराब होणारं सगळं थंडाव्याच्या पेट्यांमध्ये बर्फासकट भरलं आणि वर जाड चादर टाकली. दूध, शिजवलेलं, मांसमच्छी असलं काही बाहेरच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, म्हणून हे आधी करून ठेवलेलं बरं. दाराच्या कप्प्यातून ज्या बाटल्या निघाल्या त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. तीन बाटल्यांची तारीख आमचं शेवटचं घर बदलणं व्हायच्या आधीची होती, म्हणजे आम्ही त्या पॅक करून, उचलून, नव्या घरात आणून परत लावल्या होत्या.

मग प्लग काढला. नॉब शून्यावर आणून भागत नाही, प्लगच काढायचा, कारण आत पाणी आणि हात दोन्ही जाणार.

आणि लगेच पहिला घोळ घातला. काचेचा एक कप्पा काढून थेट सिंकमध्ये ठेवला आणि चिकट डाग लवकर निघावा म्हणून वरून कढत पाणी ओतलं. ठण्ण असा आवाज आला आणि काच होती तिथे खड्यांसारख्या बारीक तुकड्यांचा ढीग. तिच्या एका कोपऱ्याला आधीच टवका होता, त्यात थंडगार काचेवर कढत पाणी. कप्पे बाहेर काढून अर्धा तास तसेच ठेवायचे, खोलीच्या तापमानाला आले की मग कोमट पाण्याने धुवायचे, एवढं साधं होतं. त्यापुढचा पाऊण तास सिंकमधले काचेचे खडे वेचण्यात गेला, आणि बाकीचे कप्पे मी लहान बाळासारखे हाताळले.

फ्रीझर उघडला तर बर्फ दोन बोटं जाड. साधारण ५ मिलिमीटर झाला की काढायचा असतो, कारण बर्फाचा थर गोधडीसारखं काम करतो, आतल्या वस्तूंची उष्णता कॉइलपर्यंत पोचूच देत नाही, आणि कॉम्प्रेसर बिचारा नुसता धावत राहतो. आता हा बर्फ काढताना हात आपोआप सुरीकडे जातो. माझा नाही जात. लहानपणी वडिलांनी एकदा सुरीने बर्फ खरवडला होता, फुस्स करून आवाज आला आणि तो फ्रीज तिथेच संपला. फ्रीझरची ती भिंत म्हणजेच बाष्पीभवनाच्या, थंडावा तयार करणाऱ्या नळ्या, पातळ ॲल्युमिनियमच्या, टोक लागलं की भोक. आई अजून तो विषय निघाला की वडिलांकडे बघते. फोनवर तिला सांगितलं आज फ्रीज साफ करतोय, तर पहिलं वाक्य, "अरे सुरी नको हं लावूस."

म्हणून मी गरम पाण्याची दोन पातेली आत ठेवली, खाली जुना टॉवेल, आणि दार उघडं. वीस मिनिटांनी पाणी बदलायचं. तासाभरात बर्फाचे मोठे पापुद्रे आपोआप सुटायला लागले, ते लाकडी उलथन्याने हलकेच सरकवले. हेअर ड्रायर वापरणारे बरेच असतात, मी नाही वापरला. एक तर ओल्या जागेत विजेची वस्तू, आणि दुसरं म्हणजे फ्रीजच्या लेबलवर आर-६००ए असं लिहिलेलं होतं. ते नळ्यांमधल्या गॅसचं नाव, तो आयसोब्युटेन, लायटरमधल्या गॅसचाच भाऊबंद, पेट घेणारा. असतो थोडासाच, काही ग्रॅममध्ये, आणि नळ्या शाबूत असतील तर काही होत नाही, पण तिथे तापणारी तार घेऊन जायची गरज काय. वडिलांनी सोडला तो जुना आर-१२ असणार, तो पेटायचा नाही पण ओझोनच्या थराला भोक पाडायचा, त्याच्यासारख्या गॅसांवर बंधनं आणायला १९८७ साली माँट्रियलला करार झाला. आमच्या घराचाही त्या भोकात खारीचा वाटा आहे असं म्हणायला हरकत नाही.

बर्फ वितळत होता तेवढ्यात खालचा भाग बघितला. मागच्या भिंतीच्या खालच्या बाजूला बर्फाचा एक लांबट पट्टा होता, आणि तो वितळल्यावर त्याच्यामागे एक पन्हाळ दिसलं, अगदी अरुंद, आणि त्याच्या मधोमध बोटाच्या टोकाएवढं भोक. हा फ्रीज आमच्याकडे आठ वर्षं आहे. आठ वर्षांत ते भोक मी पहिल्यांदा बघितलं. म्हणजे दिसत असणार, बघितलं नव्हतं.

भिंतीवरून ओघळणारं पाणी या पन्हाळात येतं, भोकातून नळीने मागे जातं, आणि मागे कॉम्प्रेसरच्या डोक्यावर एक ट्रे असतो त्यात पडतं. कॉम्प्रेसर गरम असतो, त्या उष्णतेने ते पाणी वाफ होऊन उडून जातं. आपल्याला काहीच करावं लागत नाही, इतकं साधं. फक्त भोक उघडं पाहिजे. आमचं बुजलेलं होतं, म्हणून पन्हाळ भरलं की पाणी पुढे सांडून भाजीच्या ट्रेखाली. दोन महिने मी जे पुसत होतो ते हे.

औषधाची एक मोठी सिरिंज होती, सुई नसलेली, तिने कोमट पाणी भोकात मारलं. पाणी उलटं वर आलं. परत मारलं, परत वर. मग प्लॅस्टिकची लवचिक पट्टी असते ना, वायरी बांधायची, ती हळूहळू आत घातली. धातूची तार नाही, आत नळीला भोक पडायला नको. थोडं पुढेमागे केल्यावर काहीतरी सुटल्यासारखं वाटलं आणि आतून जे बाहेर आलं ते सांगू नये पण सांगतो. बाटलीवरच्या लेबलचा एक तुकडा, पालेभाजीचं अर्धं पान, आणि ते दोन्ही गुंडाळलेला काळपट शेंबडासारखा चिकट गोळा. त्यानंतर सिरिंज मारली तर गडगड करत पाणी खाली गेलं. इतका आनंद मला अलीकडे कशानेच झाला नव्हता, मी तीनदा उगाचच पाणी मारलं.

ते पान तिथे कसं गेलं तेही कळलं. आम्ही सामान मागच्या भिंतीला चिकटेपर्यंत कोंबायचो. भिंतीला टेकलेली पिशवी गोठून चिकटते, ओढली की काहीतरी फाटून खाली पडतं, आणि खाली पन्हाळ.

वास मात्र अजून सापडला नव्हता. तो सापडला फ्रीज पुढे ओढल्यावर. एकट्याने ओढू नका, आणि फरशीवर आधी जाड पुठ्ठा टाका, मी नंतर टाकला. मागे बघितलं तर कॉम्प्रेसरवरच्या त्या ट्रेमध्ये पाणी जवळपास नव्हतंच, तळाला एक हिरवट-काळा थर होता आणि त्यावर धूळ बसून त्याची साय झाली होती. नाक जवळ नेलं आणि लगेच मागे घेतलं. हाच तो. दोन महिने मी आत सोडा ठेवतोय, लिंबाच्या साली ठेवतोय, आणि वास मागून येतोय. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "मी म्हटलं होतं कप्प्यांचा नाहीये." ट्रे एका क्लिपवर होता, काढून साबणाच्या पाण्यात तासभर भिजवला. काहींचा निघत नाही, मग तिथल्या तिथेच कापडाने पुसायचा, पण कॉम्प्रेसर गार झाल्यावर, चालू असतो तेव्हा चांगलाच भाजतो.

आणि मागची काळी जाळी. ती कंडेन्सर, म्हणजे फ्रीजच्या आतली उष्णता जिथून बाहेर टाकली जाते ती जागा. तिच्यावर धुळीचं अक्षरशः ब्लँकेट होतं, केसांसकट. वर आम्ही फ्रीज भिंतीला टेकवून ठेवलेला, म्हणजे मागून हवा जायला जागाच नाही. व्हॅक्युम क्लीनरच्या ब्रशने वरून खाली ओढत काढली, आडवं घासलं की तारा वाकतात. ज्यांच्या फ्रीजला मागे जाळी दिसत नाही त्यांची बहुतेक बाजूच्या पत्र्यांच्या आत असते, म्हणून त्या फ्रीजच्या बाजू गरम लागतात, तो बिघाड नाही. पण तिथेही दोन्ही बाजूंना हवा खेळती पाहिजे.

इथे बसल्या बसल्या सगळं डोक्यात जुळलं. जाळीवर धूळ, म्हणून उष्णता बाहेर जात नाही, म्हणून कॉम्प्रेसर थांबत नाही. त्यात मी नॉब ७ वर नेलेला, म्हणजे उरलीसुरली विश्रांतीही गेली. कॉम्प्रेसर थांबलाच नाही तर मागच्या भिंतीला वितळायला वेळ कधी मिळणार, म्हणून तो बर्फाचा पट्टा, आणि भोक अजूनच बंद. म्हणजे दूध नासतंय म्हणून मी जो उपाय केला त्याने पाणी वाढलं. गॅसबिस काही कमी नव्हता.

एक गोष्ट राहिली होती ती म्हणजे दाराचं रबर. त्याच्या घड्या उघडल्या तर आत काळी बुरशी आणि कशाकशाचे कण. कोमट पाणी, जरासा साबण आणि जुना टूथब्रश, कोपऱ्यांना वेळ लागतो. मग कागदाची परीक्षा केली, कागदाची पट्टी दारात अडकवून बंद करायचं आणि ओढायचं, ओढताना अडलं पाहिजे. सगळीकडे अडलं, खाली बिजागरीच्या बाजूला मात्र पट्टी लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. तिथे रबर आत दुमडलं होतं. तिथून दिवसभर बाहेरची दमट हवा आत, तिचंच पाणी आणि तिचाच बर्फ. गरम पाण्यात पिळलेलं फडकं त्या भागावर पाच-सहा वेळा ठेवलं, रबर मऊ झालं, बोटांनी ओढून सरळ केलं आणि दार बंद करून ठेवून दिलं. संध्याकाळी पट्टी अडली. नसती अडली तर रबर बदलावं लागलं असतं. या रबरात चुंबकाची पट्टी असते, तिच्यामुळेच दार चिकटतं. फार जुन्या फ्रीजला बाहेरून खिटी असायची, आत लपलेल्या मुलांना दार उघडता यायचं नाही आणि ती गुदमरून जायची, म्हणून अमेरिकेत १९५६ साली कायदाच झाला की दार आतून ढकलून उघडलं पाहिजे. हे वाचल्यापासून मला दाराचा तो थप्प आवाज वेगळाच ऐकू येतो. असो.

आतून पुसायला लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा, दुसरं काही नाही. वासाचा साबण आत वापरला की तो वास दुधाला आणि लोण्याला लागतो, हे मी आधीच्या चार सफायांमध्ये शिकलो होतो. आणि ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र तर कधीच नाही, विषारी वायू होतो. नंतर कोरड्या फडक्याने पुसून अर्धा तास दार उघडं ठेवलं. वाटीत सोडा भरून कोपऱ्यात ठेवण्याबद्दल माझं मत वाईट झालंय, वासाचं मूळ तसंच असेल तर वाटी बिचारी काय करणार.

फ्रीज परत मागे सरकवताना भिंतीपासून वीतभर जागा सोडली आणि पुढचे पाय किंचित उंच केले, म्हणजे दार अर्धवट राहिलं तर आपलं आपण मिटतं. प्लग लावला, नॉब ४ वर. सामान लगेच नाही भरलं, तीन-चार तासांनी थोडं थोडं भरलं. कच्चं मांस झाकणाच्या डब्यात सगळ्यात खाली, त्याचं पाणी कशावर गळायला नको, आणि सफरचंद-केळी पालेभाजीपासून लांब, त्यांच्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि पानं पिवळी पडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लासातला थर्मामीटर बघितला. ५. त्याच्या पुढच्या दिवशी ४. नॉब ४ वरच. आणि रात्री पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात विचित्र वाटलं, काय ते कळेना, मग लक्षात आलं की कॉम्प्रेसर बंद आहे. थांबलाय. कित्येक महिन्यांत तो थांबलेला मी ऐकलाच नव्हता.

आता सिरिंज फ्रीजवरच ठेवलेली असते, महिन्यातून एकदा त्या भोकात पाणी मारतो, मुलगी तर त्यासाठी रांगेत उभी असते. जाळीची धूळ सहा महिन्यांनी काढायची असं ठरलंय, एकदा काढून झाली, दुसऱ्यांदाचं बघू. भाजीच्या ट्रेखाली अजून तरी कोरडं आहे. फुटलेल्या काचेच्या जागी मात्र स्टीलचा ट्रे आडवा टाकलाय, तो दोन बोटं आखूड आहे, दार जोरात लावलं की घसरतो आणि वरच्या वाट्या एकमेकींवर आपटतात. काचेचं माप घेऊन ठेवलंय. कागद फ्रीजच्या दारावरच चिकटवलाय, येताजाता बायको त्याच्याकडे बोट दाखवते.